तारीख राहिली, मत गेलं: अमेरिकेतलं टपाली मतदान कोर्टात का अडकतं?

ऑनलाइन फॉर्म भरताना एखादा रकाना रिकामा राहिला की तो सबमिट होत नाही. लाल अक्षरं येतात, 'ही माहिती आवश्यक आहे'. आपण वैतागतो, भरतो आणि पुढे जातो. आता असा फॉर्म डोळ्यांसमोर आणा जो कागदाचा आहे, पोस्टाने पाठवायचा आहे आणि ज्यात काही राहिलं तर लाल अक्षरं येतच नाहीत. फॉर्म पोहोचतो, कुणीतरी तो वेगळ्या गठ्ठ्यात ठेवतं आणि विषय संपतो. त्या फॉर्मच्या आत तुमचं मत होतं.

अमेरिकेत टपालाने मतदान करणाऱ्या हजारो लोकांचं दर निवडणुकीत हेच होतं. कुणाची सही जुळत नाही, कुणाचा आयडी नंबर जुळत नाही, कुणी पाकिटावर तारीख घालायला विसरतं. मग मतदारांच्या संघटना आणि राजकीय पक्ष कोर्टात जातात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझा बराचसा दिवस 'व्हॅलिडेशन' लिहिण्यात जातो, म्हणजे युजरने भरलेली माहिती चालेल की नाही हे ठरवणारा कोड. त्यामुळे हे खटले वाचताना मला सारखं वाटत होतं, अरे, हा तर आपल्या रोजच्या कामातला प्रश्न! एखादा रकाना 'कंपल्सरी' करायचा असेल तर तो कशासाठी, हे आधी सांगता आलं पाहिजे. अमेरिकेतल्या न्यायाधीशांपुढे बहुतेक वेळा हाच प्रश्न असतो, फक्त तिथे बग राहिला तर माणसाचं मत जातं.

आधी सिस्टीम समजून घेऊ

आपल्याकडे भारत निवडणूक आयोग लोकसभेची निवडणूक देशभर एकाच नियमाने घेतो. अमेरिकेत निवडणूक घेणं हे राज्यांचं काम आहे. राज्यघटनेने काँग्रेसच्या निवडणुकांची वेळ, जागा आणि पद्धत ठरवायचा अधिकार आधी राज्यांच्या विधिमंडळांना दिलाय, आणि त्यात बदल करायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला. प्रत्यक्ष काम करते ती काउंटी, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. थोडक्यात, एक अॅप, पन्नास वेगवेगळी व्हर्जन्स आणि प्रत्येक व्हर्जन चालवणारे शेकडो अॅडमिन.

त्यामुळे नियमांत प्रचंड फरक आहे. ओरेगन, वॉशिंग्टन, कोलोरॅडो, युटा, कॅलिफोर्निया अशा आठ राज्यांत प्रत्येक सक्रिय मतदाराला घरपोच मतपत्रिका पाठवायची पद्धत आहे. बऱ्याच राज्यांत अर्ज केला की मिळते, कारण द्यावं लागत नाही. उरलेल्या काही राज्यांत कारण लागतं, आणि ते यादीतलं असावं लागतं. २०२० मध्ये कोविडच्या काळात अमेरिकेतल्या सुमारे ४३ टक्के मतदारांनी टपाली मतपत्रिकेने मत दिलं. २०२४ मध्ये हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास आलं. कमी झालं तरी हा काही किरकोळ मामला नाही.

कागदाची रचना मात्र मला फार आवडली. अनेक राज्यांत दोन पाकिटं असतात. मतपत्रिका आतल्या, कोऱ्या पाकिटात घालायची. ते बाहेरच्या पाकिटात घालायचं आणि बाहेरच्यावर घोषणापत्र भरून सही करायची. कर्मचारी बाहेरच्या पाकिटावरून तुम्ही कोण हे तपासतात. ते पटलं की आतलं पाकीट बाकीच्यांत मिसळतात आणि मग उघडतात. म्हणजे 'हा माणूस खरा मतदार आहे' हे कळतं, पण 'त्याने कुणाला मत दिलं' हे त्याच्या नावाशी जोडता येत नाही.

'मग सरळ अॅप का नाही काढत, ओटीपी टाकला की झालं' असं तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आलं असेल. प्रयोग झालाय. वेस्ट व्हर्जिनियाने २०१८ मध्ये परदेशातल्या सैनिकांसाठी व्होट्झ नावाचं अॅप वापरलं. २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दाखवलं की त्यात मत बदलता येण्याइतकी भोकं आहेत, आणि राज्याने ते बाजूला ठेवलं. बँकेच्या व्यवहारात गडबड झाली तर स्टेटमेंट बघून कळतं. मत गुप्त असल्यामुळे त्याचं स्टेटमेंटच निघत नाही. म्हणून कागदच सध्या बरा.

पेनसिल्व्हेनिया: एका तारखेचा सहा वर्षांचा प्रवास

पेनसिल्व्हेनियाने २०१९ मध्ये कायदा करून कारण न देता टपाली मतदानाची सोय सुरू केली. घोषणापत्र भरा, तारीख घाला आणि सही करा, असं त्या कायद्यात लिहिलंय. वाचताना कुणालाही यात काही खटकणार नाही. फॉर्मवर तारीख असतेच.

पण ही तारीख कशासाठी वापरली जाते? मतपत्रिका वेळेत आली की नाही हे ठरवायला? नाही. प्रत्येक पाकिटावर बारकोड असतो. पाकीट काउंटीच्या ऑफिसात आलं की ते स्कॅन होतं आणि कधी आलं याची नोंद राज्याच्या सिस्टीममध्ये होते. मतदानाच्या दिवशी रात्री आठनंतर आलेलं पाकीट मोजत नाहीत, मग आत कुठलीही तारीख असो. आणि मतपत्रिका छापून पाठवायच्या आधी तर कुणी ती भरूच शकत नाही. म्हणजे जे पाकीट वेळेत आलं, त्यावरची सही त्या ठरावीक काळातलीच असणार. तारखेतून नवीन काहीच माहिती मिळत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेसमध्ये एक कॉलम आहे, तो 'नॉट नल' आहे आणि कुठलीही क्वेरी तो कधीच वाचत नाही.

तरीही त्या कॉलममुळे निकाल बदलू शकतो. २०२१ मध्ये लीहाय काउंटीत न्यायाधीशपदाची निवडणूक होती. तिथे काही न्यायाधीश निवडून येतात, हेही आपल्याला नवलाचंच. रिपब्लिकन डेव्हिड रिटर ७१ मतांनी पुढे होते. तारीख नसलेली २५७ पाकिटं बाजूला पडली होती. ती सगळी वेळेत आलेली होती आणि मतदार खरे आहेत याबद्दल कुणाचा वाद नव्हता. प्रकरण फेडरल अपील कोर्टात गेलं. मे २०२२ मध्ये कोर्ट म्हणालं, मोजा. मोजली, आणि डेमोक्रॅट झॅकरी कोहेन ५ मतांनी निवडून आले.

इथे कथा संपायला हवी होती, पण ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा निकाल रद्द केला. तो चुकीचा आहे असं ठरवून नव्हे, तर निवडणूक संपून गेल्यामुळे वादच उरला नाही, या कारणाने. कोहेन यांची खुर्ची गेली नाही, पण पुढच्या खटल्यांना या निकालाचा आधार उरला नाही. मग १ नोव्हेंबर २०२२ ला, म्हणजे मतदानाच्या आठवडाभर आधी, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तारीख नसलेली किंवा चुकीची तारीख असलेली पाकिटं वेगळी ठेवा, मोजू नका. 'चुकीची' म्हणजे काय, तर ठरावीक दोन तारखांच्या मधली नसलेली.

आता काउंटीचे कर्मचारी हा नियम लावायला बसले. कुणी सहीच्या तारखेच्या जागी जन्मतारीख लिहिलेली. कुणी महिना आणि वर्ष लिहिलंय, दिवस राहिलाय. आणि कुणी दिवस आधी, महिना नंतर लिहिलाय. हे आपल्या लोकांच्या फार जवळचं आहे. अमेरिकेत महिना आधी लिहितात. आपल्याकडे शाळेपासून ०४/१०/२०२२ म्हणजे ४ ऑक्टोबर. तिकडे तो १० एप्रिल होतो, आणि १० एप्रिलला तर नोव्हेंबरची मतपत्रिका छापलेलीही नव्हती. म्हणजे तारीख चुकीची, मत बाद. काही काउंटींनी अशी तारीख समजून घेतली, काहींनी नाही. एकाच राज्यात, एकाच निवडणुकीत, सारखीच तारीख लिहिलेली दोन मतं, आणि त्यातलं एकच मोजलं गेलं. तारखेच्या फॉरमॅटवरून भांडलेल्या प्रत्येक डेव्हलपरने हे वाचून क्षणभर डोळे मिटावेत.

या राज्यातली हजारो मतं २०२२ मध्ये केवळ तारखेपायी बाद झाली. पुढे राज्याने पाकिटाचं डिझाइन बदललं. २०२४ च्या प्रायमरीसाठी वर्षाच्या जागी '२०' आधीच छापून ठेवलं. तरी लोक उरलेले दोन आकडे लिहायला विसरले, म्हणून नंतर '२०२४' असं पूर्ण वर्षच छापलं. चुका कमी झाल्या, संपल्या नाहीत.

१९६४ चा कायदा आणि महिने-दिवसांतलं वय

हे खटले लढणाऱ्यांच्या हातात मुख्य हत्यार होतं ते १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातलं एक कलम. त्या काळात दक्षिणेतल्या राज्यांत कृष्णवर्णीय लोकांना मतदार यादीबाहेर ठेवायला फॉर्मचा वापर व्हायचा. उदाहरणार्थ, अर्जावर आपलं वय वर्षं, महिने आणि दिवसांत लिहा. जन्मतारीख त्याच फॉर्मवर असली तरी! एका दिवसाने हिशोब चुकला की अर्ज नामंजूर. गोऱ्या अर्जदाराची तशीच चूक कारकून खपवून घ्यायचा. म्हणून कायद्यात लिहिलं गेलं की एखाद्या कागदावरची चूक मतदार पात्र आहे की नाही हे ठरवायला महत्त्वाची नसेल, तर त्या चुकीसाठी मतदानाचा हक्क नाकारता येणार नाही.

पाकिटावरची तारीख यात चपखल बसते असं वाटतं ना? पेनसिल्व्हेनियातल्या फेडरल न्यायाधीश सुझन पॅराडाईज बॅक्स्टर यांनाही नोव्हेंबर २०२३ मध्ये तसंच वाटलं. पण मार्च २०२४ मध्ये अपील कोर्टाने २ विरुद्ध १ ने तो निकाल फिरवला. कोर्टाने मान्य केलं की या तारखेचा फारसा काही उपयोग दिसत नाही. पण म्हणालं, १९६४ चं कलम फक्त 'तुम्ही मतदार व्हायला पात्र आहात का' या टप्प्यापुरतं आहे. पात्र ठरल्यावर मत कसं द्यायचं याचे नियम राज्य करू शकतं, आणि ते पाळायला हवेत.

इंजिनिअरच्या भाषेत, हे कलम साइनअप पेजला लागू आहे, चेकआउट पेजला नाही. मला हा युक्तिवाद समजतो, पण पटत नाही. ज्याला आत घेतलंय त्यालाच दारात क्षुल्लक कारणावरून अडवता येत असेल, तर आत घेण्याचा उपयोग काय? कलमाच्या शब्दांत 'मतदान' या कल्पनेत मत मोजलं जाणंही येतं, असं विरोधी मत देणाऱ्या न्यायाधीश पॅटी श्वार्ट्झ यांनी दाखवून दिलं होतं.

मग वकिलांनी दुसरा रस्ता धरला, थेट राज्यघटनेचा. १९८३ आणि १९९२ च्या दोन निकालांतून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एक तराजू दिलाय. एका पारड्यात मतदारावर पडणारा भार, दुसऱ्या पारड्यात राज्याचं कारण. भार हलका असेल तर साधं कारण चालतं, पण काहीतरी खरं कारण लागतंच. २०२५ च्या मार्चमध्ये न्यायाधीश बॅक्स्टर यांनी याच तराजूवर तारखेचा नियम घटनाबाह्य ठरवला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी एकमताने तो निकाल कायम केला.

नियमाच्या बाजूने तीन गोष्टी मांडल्या गेल्या होत्या. कामकाज शिस्तीत चालतं, तारीख लिहिताना मतदार गांभीर्याने विचार करतो, आणि गैरप्रकार सापडतात. तिसऱ्या मुद्द्यासाठी एकच उदाहरण पुढे आलं. लँकेस्टर काउंटीत एका बाईने आपल्या वारलेल्या आईच्या नावाने मतपत्रिका पाठवली होती, आणि पाकिटावरची तारीख आईच्या मृत्यूनंतरची होती. पण मृत्यूची नोंद सिस्टीममध्ये येते आणि असं मत तारखेशिवायही पकडलं जातं. एका बाजूला हे एक प्रकरण, दुसऱ्या बाजूला हजारो खरी मतं. कोर्टाला हे वजन पटलं नाही.

टेक्सास: नंबर जुळत नाही

पेनसिल्व्हेनियातला रकाना निरुपयोगी होता. टेक्सासमधला रकाना उपयोगी वाटतो, म्हणूनच तो जास्त अवघड आहे.

२०२१ मध्ये टेक्सासने एसबी १ हा कायदा केला. त्यानुसार टपाली मतपत्रिकेच्या अर्जावर आणि पाकिटावर ड्रायव्हिंग लायसन्सचा किंवा राज्याच्या ओळखपत्राचा नंबर, नाहीतर सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे लिहायचे. तो नंबर मतदार नोंदणीतल्या रेकॉर्डशी जुळला पाहिजे. आता गंमत बघा. समजा एखाद्या आजीने पस्तीस वर्षांपूर्वी नोंदणी करताना एक नंबर दिला होता. कुठला, ते तिला आठवत नाही. आज तिने दुसरा नंबर लिहिला. तोही खरा, तिचाच. पण रेकॉर्डमध्ये तो नाही, म्हणून मत बाद. आधारवर मधलं नाव आहे आणि पॅनवर नुसतं अक्षर, म्हणून लिंक होत नाही, हे ज्याने भोगलंय त्याला हा त्रास वेगळा सांगायला नको. शिवाय हा रकाना पाकिटाच्या झाकणाखाली होता. अनेकांना तो दिसलाच नाही.

मार्च २०२२ च्या प्रायमरीत हा नियम पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर लागू झाला. २४ हजारांहून जास्त टपाली मतं बाद झाली, म्हणजे आलेल्यांपैकी सुमारे १२ टक्के. त्याआधी २०२० च्या निवडणुकीत हे प्रमाण १ टक्क्याच्याही खाली होतं. माझ्या क्षेत्रात एखाद्या अपडेटनंतर एरर रेट असा वाढला तर अपडेट त्याच रात्री मागे घेतात. इथे मागे घेतलं नाही, पण रेकॉर्डमध्ये दोन्ही नंबर भरण्याचं काम झालं, लोकांनाही सवय झाली, आणि नोव्हेंबर २०२२ पर्यंत प्रमाण २.७ टक्क्यांच्या आसपास आलं.

सॅन अँटोनिओचे फेडरल न्यायाधीश झेव्हियर रॉड्रिगेझ यांनी २०२३ मध्ये हा नियम १९६४ च्या कलमाविरुद्ध ठरवला. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने तो निकाल उलटवला. न्यायाधीश जेम्स हो यांचं म्हणणं असं की नाव आणि पत्ता तर कुणालाही मिळतो, नंबरामुळे अर्ज करणारा खरंच तो माणूस आहे हे कळतं, मग तो महत्त्वाचा कसा नाही? हे म्हणणं मला उडवून लावता येत नाही. ओळख तपासायला काहीतरी लागतंच. माझा आक्षेप तपासणीला नाही, खराब डेटाबेसवर तपासणी बसवण्याला आहे. सिस्टीमकडचा रेकॉर्ड अपुरा असताना युजरला खोटा ठरवणं योग्य नाही.

आणि तरुणांचं काय?

टेक्सासमध्ये ६५ वर्षांवरच्या कुणालाही टपाली मत देता येतं, कारण विचारत नाहीत. तुम्ही २२ वर्षांचे असाल तर आजारपण, अपंगत्व, काउंटीबाहेर असणं अशा ठरलेल्या यादीत बसावं लागतं. दोन शिफ्ट करता म्हणून वेळ नाही, हे कारण यादीत नाही. कोविड होईल याची भीती हेही नव्हतं. केवळ प्रतिकारशक्ती नसणं म्हणजे अपंगत्व नव्हे, असं टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने मे २०२० मध्ये सांगितलं.

अमेरिकेच्या राज्यघटनेची २६ वी दुरुस्ती १९७१ ची. १८ वर्षांवरच्या कुणाचाही मतदानाचा हक्क वयामुळे नाकारता येणार नाही किंवा कमी करता येणार नाही, असं ती सांगते. मग ६५ ची रेषा वयामुळेच नाही का? डेमोक्रॅटिक पक्षाने २०२० मध्ये हाच मुद्दा घेऊन खटला भरला. अपील कोर्टाचं उत्तर होतं: ज्येष्ठांना जास्तीची सोय दिली म्हणून तरुणांचा हक्क कमी झाला असं होत नाही, तरुणांचा हक्क होता तितकाच आहे. सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला घेतलं नाही.

या उत्तरामागे एक जुना निकाल आहे. १९६९ मध्ये इलिनॉयच्या तुरुंगात खटल्याची वाट बघणाऱ्या कैद्यांनी टपाली मतपत्रिका मागितली होती. सुप्रीम कोर्ट तेव्हा म्हणालं की प्रश्न मतदानाच्या हक्काचा नाही, टपाली मतपत्रिका मिळण्याच्या हक्काचा आहे, आणि ते दोन्ही एक नाहीत. म्हणजे टपाली मतदान हे बेसिक प्लॅनमध्ये येत नाही, ते अॅड-ऑन आहे! तेव्हापासून जवळपास प्रत्येक राज्य स्वतःच्या बचावात हा निकाल पुढे करतं.

सही, हस्तांतर आणि एक खरा घोटाळा

सहीचा वाद थोडक्यात सांगतो. न्यू हॅम्पशायरमध्ये अर्जावरची आणि पाकिटावरची सही केंद्रावरचा अधिकारी नजरेने जुळवायचा. जुळली नाही असं त्याला वाटलं की मत बाद, आणि मतदाराला कळवायचंही नाही. दाद मागणाऱ्यांत नव्वदी ओलांडलेल्या, जवळपास दृष्टी गेलेल्या एक आजी होत्या. ऑगस्ट २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने ही पद्धत रद्द केली, कारण माणसाला न सांगता, सुधारायची संधी न देता त्याचा हक्क काढून घेता येत नाही. सूचना द्या आणि दुरुस्ती करू द्या, ही मागणी तेव्हापासून अनेक राज्यांत होतेय. म्हणजे शेवटी लोक कोर्टात जाऊन लाल अक्षरंच मागतायत.

मतपत्रिका दुसऱ्याच्या हाती देण्यावरही बंदी असते. ॲरिझोनाने २०१६ मध्ये कुटुंबीय आणि काळजीवाहू वगळता इतरांनी मतपत्रिका गोळा करणं गुन्हा ठरवलं, आणि जुलै २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने तो कायदा टिकवला. मोंटानात उलट झालं. तिथल्या मूळ अमेरिकन लोकांच्या रिझर्व्हेशनवर अनेक घरांपर्यंत पोस्टमन जातच नाही, पोस्ट ऑफिस मैलोनमैल लांब. तिथे संस्थांची माणसं मतपत्रिका गोळा करून पोहोचवायची. पैसे घेऊन गोळा करण्यावर घातलेली बंदी मोंटानाच्या सुप्रीम कोर्टाने मार्च २०२४ मध्ये राज्याच्या स्वतःच्या घटनेखाली रद्द केली. फेडरल कोर्टात दार बंद झालं की राज्याच्या कोर्टाचं ठोठावायचं, हा आता वकिलांचा नेहमीचा मार्ग झालाय.

या बंदीमागची भीती काल्पनिक मात्र नाही. २०१८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या नवव्या काँग्रेस मतदारसंघात रिपब्लिकन मार्क हॅरिस ९०५ मतांनी पुढे होते. मग कळलं की त्यांच्यासाठी काम करणाऱ्या मॅक्रे डाउलेस यांची माणसं घरोघरी जाऊन टपाली मतपत्रिका गोळा करत होती, आणि साक्षीदाराच्या खोट्या सह्या ठोकत होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये निवडणूक मंडळाने ती निवडणूकच नव्याने घ्यायला लावली. लक्षात घ्या, साक्षीदाराची सही कंपल्सरी होतीच. घोटाळेबाजांनी तो रकाना व्यवस्थित भरला. गडबड उघडी पडली ती आकड्यांच्या विचित्र पॅटर्नमुळे आणि प्रत्यक्ष चौकशीमुळे.

निवडणुकीआधीचा 'कोड फ्रीझ'

मोठ्या रिलीजच्या आधी आमच्याकडे 'कोड फ्रीझ' असतो, त्यानंतर कुणी काही बदलायचं नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचंही असंच एक तत्त्व आहे. २००६ च्या एका निकालावरून त्याला 'पर्सेल' म्हणतात. निवडणूक तोंडावर असताना फेडरल कोर्टांनी नियम बदलू नयेत, मतदार गोंधळतात.

ऑक्टोबर २०२० मध्ये हे दोनदा दिसलं. साउथ कॅरोलायनात कोविडमुळे साक्षीदाराच्या सहीची अट खालच्या कोर्टाने थांबवली होती. सुप्रीम कोर्टाने ५ ऑक्टोबरला ती परत आणली, फक्त आधीच दिलेली आणि पुढच्या दोन दिवसांत पोहोचणारी मतं वाचवली. विस्कॉन्सिनमध्ये मतपत्रिका पोहोचायची मुदत सहा दिवसांनी वाढवली गेली होती. तीही मुदतवाढ २६ ऑक्टोबरला ५ विरुद्ध ३ ने नाकारली गेली. तत्त्व म्हणून मला हे ठीक वाटतं. अडचण अशी की नियमाचा त्रास बहुधा निवडणूक जवळ आल्यावरच दिसतो. तेव्हा कोर्टात गेलात तर उशीर झाला म्हणतात, आधी गेलात तर अजून नुकसान कुठे झालंय म्हणतात, आणि निवडणूक झाल्यावर गेलात तर लीहाय काउंटीसारखं, आता वादच उरला नाही.

आपल्याशी याचा संबंध

भारतात टपाली मतदान मोजक्या लोकांना आहे. सैन्यदलातले मतदार, निवडणूक ड्युटीवरचे कर्मचारी, ८५ वर्षांवरचे ज्येष्ठ, किमान ४० टक्के अपंगत्व असलेले, असे. ज्येष्ठ आणि दिव्यांगांसाठी फॉर्म १२ डी भरला की अधिकारी घरी येऊन मत घेतात. पण लातूरचा मुलगा पुण्यात नोकरीला असेल आणि नाव गावच्या यादीत असेल, तर त्याला एसटीच पकडावी लागते. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतरितांसाठी रिमोट व्होटिंग मशिनचा नमुना जाहीर केला होता, जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवायला बोलावलंही होतं. त्या मशिनवर अजून निवडणूक झालेली नाही.

आणि तुमची मावशी किंवा मित्र अमेरिकन नागरिक होऊन ह्यूस्टन, डॅलस किंवा फिलाडेल्फियात राहत असेल, तर हा लेख त्यांच्याही कामाचा आहे. तिथे मत फक्त नागरिकांना, ग्रीन कार्डवाल्यांना नाही. तारीख लिहिताना महिना आधी. पेनसिल्व्हेनियात आतलं पाकीट विसरू नका, त्याशिवाय आलेली मतपत्रिका मोजायची नाही हे राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०२० मध्येच सांगितलंय. टेक्सासमध्ये दोन्ही नंबर लिहिलेले बरे, म्हणजे एक तरी जुळेल, आणि पाकिटाचं झाकण उचलून बघा. दोन्ही राज्यांत मतपत्रिकेचं काय झालं हे दाखवणारा ऑनलाइन ट्रॅकर आहे. पाकीट पाठवल्यावर चार दिवसांनी तो उघडून बघायला सांगा, कारण दुरुस्तीची खिडकी फार दिवस उघडी नसते.